बंदी चालेल, वसुली नाही

आणीबाणीचा कायदा पुढे करून राष्ट्राध्यक्षाला आयातशुल्क लावता येणार नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी २०२६ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी दिला. ट्रम्प यांनी त्याच दिवशी दुसरा कायदा बाहेर काढला, त्याखाली जगभरच्या मालावर दहा टक्के शुल्क जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी ते पंधरा टक्क्यांवर नेणार म्हणून सांगून टाकलं. त्यामुळे आपल्याकडे आधी ‘बरी जिरली’ म्हणणारे चोवीस तासांत ‘म्हणजे काहीच बदललं नाही’ म्हणू लागले. ही दुसरी प्रतिक्रिया अधिक जाणत्या माणसाची वाटते. मला मात्र ती चुकीची वाटते. शुल्क किती असावं, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. लोकांच्या खिशात हात घालण्याआधी कुणाला विचारायचं एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर न्यायालयाने दिलं आहे: काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला.

ज्या कायद्यावरून हा खटला झाला तो १९७७ चा. परराष्ट्राकडून असाधारण धोका आहे असं राष्ट्राध्यक्षाने जाहीर केलं की त्याला परकीयांची मालमत्ता गोठवता येते, व्यवहार थांबवता येतात, आयातीचं ‘नियमन’ करता येतं. गंमत अशी की हा कायदा राष्ट्राध्यक्षाचे हात मोकळे करण्यासाठी झालेला नव्हता. १९१७ च्या शत्रुराष्ट्रांशी व्यापाराच्या कायद्याची एकामागून एका राष्ट्राध्यक्षाने ओढाताण केली होती, तिला आळा घालायला तो आणला गेला. जिमी कार्टर यांनी त्यावर सही केली आणि १९७९ मध्ये तेहरानला अमेरिकन ओलीस धरले गेले तेव्हा इराणची मालमत्ता गोठवायला तो पहिल्यांदा वापरला. पुढे डझनावारी निर्बंध त्याखाली लादले गेले. पण २०२५ पर्यंत कोणत्याही राष्ट्राध्यक्षाने या कायद्याखाली शुल्क लावलं नव्हतं. कर, शुल्क, जकात यांपैकी एकही शब्द त्यात नाही. ट्रम्प यांनी त्यावर आधी फेंटॅनिल या मादक द्रव्याचं कारण देऊन कॅनडा, मेक्सिको आणि चीनवर, नंतर २ एप्रिल २०२५ ला व्यापारी तुटीचं कारण देऊन जवळजवळ साऱ्या जगावर शुल्क लावलं. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी निकालपत्रात लिहिलं की, सोळा शब्दांच्या अंतरावर असलेल्या ‘नियमन’ आणि ‘आयात’ या दोन शब्दांना एवढा भार पेलणार नाही. कितीही टक्के, कितीही काळ, कुठल्याही देशाच्या कुठल्याही मालावर कर लावण्याचा अधिकार त्या दोन शब्दांतून काढला जात होता. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदाच्या आठव्या कलमाने तर कर आणि आयातशुल्क लावण्याचं काम काँग्रेसकडे सोपवलेलं आहे.

या शुल्काचा वापर कशासाठी झाला हे पाहिलं की घटनाकारांची धास्ती समजते. ब्राझीलने माजी राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांच्यावर खटला चालवला म्हणून त्या देशाच्या मालावर जबर शुल्क. भारत रशियाचं तेल घेतो म्हणून आधीच्या पंचवीसावर आणखी पंचवीस, अशी २७ ऑगस्ट २०२५ पासून पन्नास टक्के. आता हे पैसे भरतो कोण? अमेरिकेच्या बंदरात माल सोडवून घेणारा आयातदार. म्हणजे मुंबईच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात घडलेले दागिने मागवणाऱ्या न्यू जर्सीतल्या व्यापाऱ्याने आपल्या सरकारला दंड भरायचा, कारण भारतातल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांनी रशियाकडून तेल घेतलं! सीप्झच्या ऑर्डरी कमी होतात, कारागिरांना घरी बसावं लागतं, तो मार सोसावाच लागतो. पण कायद्याच्या भाषेत करदाता अमेरिकन असतो, आणि त्याच्या वतीने कुणीही या कराला हो म्हटलेलं नव्हतं. न्यायालयात गेलेले लोकही बघा: इलिनॉयमधली शैक्षणिक खेळण्यांची कंपनी, न्यूयॉर्कचा वाइन आयात करणारा एक छोटा व्यापारी, सायकलस्वार स्त्रियांसाठी कपडे करणारी व्हर्मांटची कंपनी. मोठमोठ्या कंपन्या ट्रम्प यांना दुखवायला नको म्हणून आरंभी गप्पच राहिल्या. छोट्यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले ते भारतीय स्थलांतरितांच्या पोटी जन्मलेले नील कत्याल.

भिन्नमत देणाऱ्या तीन न्यायाधीशांचा एक मुद्दा मात्र खरोखर वजनदार आहे आणि निकालावर खूश झालेले लोक तो टाळतात. न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हनॉ यांचा सवाल असा: या कायद्याखाली राष्ट्राध्यक्ष एखाद्या देशाचा सगळा माल बंद करू शकतो, हे तुम्हालाही मान्य. मग जो पूर्ण बंदी घालू शकतो, त्याला एक डॉलर शुल्क लावता येत नाही, हे कसलं तर्कशास्त्र? मोठा अधिकार आहे आणि छोटा नाही?

याचं उत्तर कायद्याच्या पोथीत शोधण्याआधी तिजोरीत शोधावं. बंदी घालणाऱ्याच्या हाती काही पडत नाही. उलट दुकानं रिकामी होतात, भाव चढतात, त्याचेच मतदार ओरडतात. म्हणून बंदी जपून आणि थोडा काळ वापरली जाते. शुल्काचं तसं नसतं. ते लावणाऱ्याला रोज पैसा मिळतो, आणि तो पैसा मागायला कुणाच्या दारात जावं लागत नाही. हा अधिकार बंदीपेक्षा लहान नाही, वेगळ्याच जातीचा आहे. सरकारी वकिलांनाही हे ठाऊक होतं. ५ नोव्हेंबर २०२५ च्या सुनावणीत सॉलिसिटर जनरल जॉन सॉअर सांगत राहिले की हे शुल्क नियमनासाठी आहे, महसूल हा केवळ आनुषंगिक. त्याच सुमारास ट्रम्प मात्र या शुल्कातून देश कसा श्रीमंत होतोय ते चढ्या आवाजात सांगत होते. आनुषंगिक महसुलाचा आकडा २०२५ संपेपर्यंत सव्वाशे अब्ज डॉलरच्या पुढे गेला होता.

हा वाद चारशे वर्षांपेक्षा जुना आहे, आणि तो तेव्हाही आयातशुल्कावरूनच पेटला होता. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने पार्लमेंटला न विचारता पूर्वेकडून येणाऱ्या मनुकांवर जादा शुल्क बसवलं. जॉन बेट नावाच्या व्यापाऱ्याने ते भरायला नकार दिला. १६०६ मध्ये न्यायालयाने राजाच्या बाजूने कौल दिला. परदेशांशी व्यापार हा राजाच्या खास अखत्यारीतला विषय, बंदरं राजाची, राज्याच्या हिताला काय लागतं ते राजालाच कळतं, असा तो युक्तिवाद होता. ट्रम्प यांच्या वकिलांचे कागद वाचताना हा कौल वारंवार आठवतो. परराष्ट्र धोरण म्हटलं की न्यायालयांनी मान तुकवावी, ही अपेक्षा तीच. बेटच्या पराभवानंतर जेम्सच्या स्टुअर्ट घराण्यातल्या राजांनी त्या वाटेने इतका पैसा उभा केला की पार्लमेंटशी त्यांचं वैर थेट यादवी युद्धापर्यंत गेलं. संमतीशिवाय पैसा उभारणं बेकायदा, हे इंग्लंडमध्ये पक्कं व्हायला १६८९ उजाडलं. अमेरिकेच्या घटनाकारांनी हा इतिहास घोकलेला होता.

पण काँग्रेसने हा अधिकार आपण होऊन किती ढिला सोडला, हेही सांगायला हवं. ट्रम्प यांनी तो हिसकावला असं म्हणणं अर्धंच खरं. १९३० मध्ये काँग्रेसने स्वतः बसून हजारो वस्तूंवरचं शुल्क ठरवलं, तो कुप्रसिद्ध स्मूट-हॉली कायदा. हजाराहून जास्त अर्थतज्ज्ञांनी विरोधाचं पत्र लिहिलं होतं, तरीही तो झाला. आपला मतदारसंघ, आपला कारखाना, आपली शेती, असं प्रत्येकाने आपापलं घोडं पुढे दामटलं. त्याचे चटके बसल्यावर १९३४ पासून काँग्रेसने शुल्क कमी-जास्त करण्याची मोकळीक टप्प्याटप्प्याने राष्ट्राध्यक्षांना दिली, आणि अनेक दशकं ती चांगल्या कामीही आली, कारण ते राष्ट्राध्यक्ष शुल्क बहुधा उतरवत होते. आपल्या अधिकाराचा वापर आपल्याला झेपत नाही अशी कबुलीच होती ती.

दिलेला अधिकार परत घेण्याची सोय आधी होती. ती कशी गेली याची गोष्ट अमेरिकेबाहेर फारशी कुणाला माहीत नाही. केनियात जन्मलेले, भारतीय वंशाचे, ब्रिटिश पासपोर्टवर ओहायोत शिकायला आलेले जगदीश राय चढ्ढा यांचा व्हिसा संपला. त्यांना देशात राहू देण्याचा निर्णय प्रशासनाने घेतला होता, तो प्रतिनिधीगृहाने एका ठरावाने रद्द केला. चढ्ढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि १९८३ मध्ये जिंकले. प्रशासनाचा निर्णय काँग्रेसला नुसत्या ठरावाने उलटवता येणार नाही. पूर्ण कायदा करावा लागेल आणि तो राष्ट्राध्यक्षापुढे सहीला जाईल, असं न्यायालयाने ठरवलं. एका माणसाला न्याय मिळाला. पण आणीबाणी संपवण्यासाठी दोन्ही सभागृहांचा साधा ठराव पुरेल, या भरवशावर १९७० च्या दशकातले कायदे रचले होते, तो भरवसाच त्या निकालाने गेला. आता आणीबाणी रद्द करायची तर जाहीर करणाऱ्याचीच सही लागते. त्याने नकाराधिकार वापरला की दोन तृतीयांश मतं लागतात. २०१९ मध्ये मेक्सिको सीमेवरच्या भिंतीसाठी ट्रम्प यांनी जाहीर केलेल्या आणीबाणीच्या वेळी हेच झालं. ट्रम्प यांच्या पक्षाच्या बारा सिनेटरांनी विरोधात मत दिलं, ठराव मंजूर झाला, ट्रम्प यांनी तो फेटाळला, विषय संपला. नोव्हेंबरच्या सुनावणीत न्यायमूर्ती नील गोरसच यांनी नेमकं यावर बोट ठेवलं. अधिकार एकदा काँग्रेसकडून राष्ट्राध्यक्षाकडे सरकला की मागे येत नाही, दातेरी चाकासारखा एकाच दिशेने फिरत राहतो. गोरसच ट्रम्प यांनीच नेमलेले आहेत. बहुमतातल्या एमी कोनी बॅरेटही.

२०२५ मध्ये प्रतिनिधीगृहाने जे केलं ते मात्र कुठल्याही न्यायालयाच्या माथी मारता येत नाही. आणीबाणी रद्द करण्याचा ठराव ठरावीक दिवसांत मतदानाला घ्यावाच लागतो, असा नियम आहे. मार्चमध्ये सत्ताधारी बहुमताने तोड काढली: अधिवेशनाचा उरलेला एकही दिवस या नियमापुरता दिवस म्हणून मोजायचा नाही. सूर्य उगवायचा, मावळायचा, वॉशिंग्टनमध्ये दिवस मात्र पुढे सरकायचा नाही! सिनेटने ऑक्टोबरमध्ये ब्राझील, कॅनडा आणि जागतिक शुल्काविरुद्धचे तीनही ठराव मंजूर केले, पण खालच्या सभागृहात घड्याळ बंद होतं. मतदारसंघात शुल्काबद्दल कुरकुर ऐकायची, ट्रम्प यांचा रोष पत्करायचा नाही, आणि नाव नोंदवून मत द्यायची वेळच येऊ द्यायची नाही, असा तो त्रिकोणी सोयीचा मामला. न्यायालयाने काँग्रेसला तिचा अधिकार परत दिला खरा. काँग्रेसला तो हवा होता की नाही, याचीच शंका आहे.

‘काहीच बदललं नाही’ या म्हणण्याकडे आता येतो. राष्ट्राध्यक्षाकडे शुल्काचे आणखी मार्ग आहेत, हे खरं. राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली १९६२ च्या कायद्याचं २३२ वं कलम आहे. पोलाद, ॲल्युमिनियम आणि मोटारींवरचं शुल्क त्याखालचं, आणि या निकालाने त्याला हात लागलेला नाही. अनुचित व्यापाराविरुद्ध १९७४ च्या कायद्याचं ३०१ वं कलम आहे. पण या प्रत्येक दारात उंबरठा आहे. २३२ ला वाणिज्य खात्याची चौकशी आणि अहवाल लागतो. ३०१ ला सुनावणी लागते, कोणत्या देशाने काय केलं ते दाखवावं लागतं. आणि निकालाच्या दिवशी ट्रम्प यांनी बाहेर काढलेल्या १२२ व्या कलमाला कमाल पंधरा टक्के आणि कमाल दीडशे दिवस अशी दुहेरी मर्यादा आहे. ते कलमच मुळात रिचर्ड निक्सन यांच्या एका कृतीनंतर आलं. निक्सन यांनी ऑगस्ट १९७१ मध्ये सरसकट दहा टक्के अधिभार लावला होता आणि अपील न्यायालयाने तो पुढे मान्यही केला. कॅव्हनॉ यांनी त्याच निकालाचा आधार घेतला. पण निक्सननंतर काँग्रेसने मुद्दाम माप आखून दिलं, यापेक्षा जास्त नाही म्हणून. ते माप हातात असताना अमाप अधिकार आणीबाणीच्या कायद्यात दडलेला आहे असं मानायचं, तर काँग्रेसने १२२ वं कलम कशाला लिहिलं असतं?

मौजेचा भाग असा की, याच खटल्यात सरकारने लेखी म्हटलं होतं की १२२ वं कलम इथे लागू पडत नाही. ते आंतरराष्ट्रीय देण्याघेण्याच्या ताळेबंदाबद्दल आहे आणि व्यापारी तूट ही वेगळी गोष्ट. निकाल विरोधात जाताच तेच कलम चपखल बसलं.

म्हणजे फरक पडला तो वेगात आणि लहरीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅनडाच्या ओंटारियो प्रांताने रोनाल्ड रेगन यांचं शुल्कविरोधी भाषण जाहिरातीत वापरलं, म्हणून ट्रम्प यांनी कॅनडावर दहा टक्के वाढ समाजमाध्यमावरून जाहीर केली होती. जाहिरात आवडली नाही म्हणून कर! चौकशी, सुनावणी, अहवाल असं लचांड मागे असलं की असलं काही करणं अवघड होतं. व्यापार करणाऱ्याला शुल्क जास्त असल्याचा त्रास होतोच, पण पुढच्या महिन्यात ते किती असेल हे न कळण्याचा जास्त होतो. जहाज समुद्रात असताना दर बदलला तर गणित कुणी कसं मांडायचं?

निकालाबद्दल माझी खरी तक्रार उशिराची आहे. आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी २८ मे २०२५ लाच हे शुल्क बेकायदा ठरवलं होतं, एकमताने, आणि ते तिघे अनुक्रमे रेगन, ओबामा आणि ट्रम्प यांनी नेमलेले होते. अपील न्यायालयानेही २९ ऑगस्टला सात विरुद्ध चार मतांनी तेच सांगितलं. तरी वसुली चालू राहू दिली गेली. जवळजवळ नऊ महिने एक बेकायदा कर न्यायालयांच्या डोळ्यांदेखत गोळा होत होता. तेवढ्या काळात त्याने आपलं काम उरकलं. त्याच्या धाकाने जपानने साडेपाचशे अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीचा शब्द दिला, युरोपीय संघाने पंधरा टक्के मान्य केले, भारताने फेब्रुवारीच्या आरंभी अठरा टक्क्यांवर समझोता केला. धाक बेकायदा ठरला म्हणून दिलेले शब्द कुणी परत घेतलेले दिसले नाहीत.

आणि पैशांचं काय? परताव्याबद्दल निकालपत्रात चकार शब्द नाही. कॅव्हनॉ यांनी भिन्नमतात गोंधळाचा इशारा दिला, तो अनाठायी नव्हता. परतावा मिळाला तरी तो ज्याच्या नावावर माल सोडवला त्या आयातदाराला. ज्या गिऱ्हाइकाने वाढीव भावाने खेळणं घेतलं, त्याच्याकडे फार तर दुकानाची पावती. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मफतलाल इंडस्ट्रीजच्या खटल्यात, नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे, हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला होता: ज्याने कराचा बोजा गिऱ्हाइकावर ढकलला, त्याला परतावा नाही. तो तोडगाही निर्दोष नाही, कारण मग बेकायदा कर सरकारकडेच राहतो. पण निदान प्रश्न सरळ विचारला गेला होता.

घरचा विषय निघालाच आहे तर कांद्याबद्दल बोलायला हवं. कायद्याच्या अधिकाराशिवाय कर नाही, असं आपल्या घटनेचा २६५ वा अनुच्छेद सांगतो. पण १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्याने केंद्र सरकारला अधिसूचना काढून शुल्क वाढवण्याची मुभा दिली आहे. संसदेपुढे ती नंतर जाते. १९ ऑगस्ट २०२३ च्या शनिवारी कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क आलं, सोमवारपासून लासलगावसह नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. डिसेंबरमध्ये निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठवून पुन्हा चाळीस टक्के, सप्टेंबरमध्ये वीस, आणि १ एप्रिल २०२५ पासून शून्य. त्या दीड-पावणेदोन वर्षांत कांदा उत्पादकाला कोणत्या टप्प्यावर कुणी विचारलं? रॉबर्ट्स यांच्या कसोटीवर आपलं सरकार सहज पास होईल, कारण आपल्या संसदेने अधिकार स्पष्ट शब्दांत लिहून दिलेला आहे. म्हणूनच ट्रम्प यांच्या फजितीवर टाळ्या वाजवताना जरा बेतानं. तिथल्या संसदेने जे न बोलता सोडलं, ते आपल्या संसदेने लिहून सोडलं.

अमेरिकेत दुरुस्तीची एक सूचना पडून आहे. आयोवाचे रिपब्लिकन सिनेटर चक ग्रासली आणि वॉशिंग्टन राज्याच्या डेमोक्रॅट मारिया कँटवेल यांनी एप्रिल २०२५ मध्ये मांडलेल्या विधेयकानुसार, राष्ट्राध्यक्षाने लावलेलं नवं शुल्क अठ्ठेचाळीस तासांत काँग्रेसला कळवायचं आणि साठ दिवसांत काँग्रेसने मंजूर केलं नाही तर ते आपोआप संपायचं. व्हाइट हाउसने नकाराधिकाराचा इशारा तेव्हाच दिला होता, आणि विधेयक पुढे सरकलं नाही. पण त्यातली उलटापालट महत्त्वाची आहे. आजवर काँग्रेस गप्प बसली की शुल्क जगत होतं. या रचनेत ती गप्प बसली की शुल्क मरतं. १२२ व्या कलमात ही रचना १९७४ पासूनच आहे: दीडशे दिवसांनंतर शुल्क चालू ठेवायचं असेल तर काँग्रेसला तसा कायदा मंजूर करावा लागतो.